सण देवाचे, भांडण आपलं

वाचकाचं पत्र : माझ्या मिस्टरांनी दोन वर्षांपासून बायबलमधले सण पाळायला सुरुवात केली. आधी वल्हांडण (इस्राएल लोकांच्या मिसरातून सुटकेचा सण), मग मंडपांचा सण (फांद्यांच्या मांडवात राहण्याचा). मला त्याचं वावडं नव्हतं. गच्चीवर मांडव घातला तेव्हा मुलांइतकीच मीही खूश होते. पण आता ते म्हणतात, नाताळ आणि ईस्टर मूर्तिपूजकांचे, आपल्या घरात नकोत. देवाने नेमलेली तारीख चुकली की देवाची भेट चुकली. आमची मुलगी आठ वर्षांची आहे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळच्या नाटकात ती देवदूत होणार होती, पंख शिवून तयार आहेत. परवा यांनी फोन करून तिचं नाव काढायला लावलं. पुढच्याच रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले की सण पाळणारे कृपेपासून ढळले आहेत. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. सासूबाई रडतात. ख्रिस्ती माणसाने हे सण पाळायचे की नाही? आणि मी कोणाच्या बाजूने उभी राहू? — मधल्या मध्ये

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. पाळलेत तर चांगलं, नाही पाळलेत तर पाप नाही, आणि पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याचा न्याय करायचा नाही. प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात जवळपास हेच लिहिलंय : एकजण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. दुसरा प्रश्न अवघड आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आधी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने बोलते, कारण मंडळीत ते कोणी बोललेलं दिसत नाही. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातल्या सणांना आपण सवयीने ‘यहुद्यांचे सण’ म्हणतो, पण तिथे देव त्यांना ‘माझे सण’ म्हणतो. तिथला हिब्रू शब्द आहे ‘मोएद’, म्हणजे ठरवलेली वेळ, ठरवलेली भेट. आपल्या मराठी बायबलात देवाच्या भेटीच्या ज्या तंबूला ‘दर्शनमंडप’ म्हटलंय, त्याच्या हिब्रू नावातही हाच ‘मोएद’ आहे. तंबू ही भेटीची जागा आणि सण ही भेटीची वेळ. हे एकदा लक्षात आलं की लेवीय वाचताना येणारा कंटाळा निम्मा तरी जातो. माझा तरी गेला.

आणि येशू हे सण पाळतच मोठा झाला. बारा वर्षांचा असताना तो आईवडिलांबरोबर वल्हांडणासाठी यरुशलेमेला गेला होता. शेवटचं भोजन वल्हांडणाच्या दिवसांतलं. पवित्र आत्मा उतरला तो पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे वल्हांडणानंतर पन्नास दिवसांनी येणाऱ्या सप्तकांच्या सणाला. शहरात देशोदेशीचे लोक गोळा झाले होते तेही त्या सणामुळेच. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की ख्रिस्त हा आपला वल्हांडणाचा कोकरा आहे, तर आपण जुनं खमीर (पीठ फुगवणारं आंबवण) काढून टाकून सण पाळू या. त्या मंडळीत बरेच परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, होते, तरी ‘सण म्हणजे काय?’ हे पौलाला समजावून सांगावं लागलं नाही.

मंडपांच्या सणाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मांडव तुम्ही स्वतः घातलात. मिश्ना हा यहुदी परंपरेचा ग्रंथ इ.स. २०० च्या सुमारास संकलित झाला. मंदिर उभं असताना हा सण कसा होई, याचं वर्णन त्यात आहे. रोज सकाळी याजक सोन्याचं भांडं घेऊन शिलोह तळ्यावर जात, पाणी भरून आणत आणि कर्णे वाजत असताना ते वेदीवर ओतत. रात्री मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात उंच दीपवृक्ष पेटत. त्यांच्या वाती कशाच्या, तर याजकांच्या जुन्या झालेल्या चोळण्यांच्या आणि कमरबंदांच्या! त्या उजेडात यरुशलेमेतलं एकही अंगण अंधारात राहत नसे, असं मिश्ना सांगतो. आता योहानाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढा. सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो, कोणी तहानलेला असेल तर त्याने माझ्याकडे यावं. आठव्या अध्यायात म्हणतो, मी जगाचा प्रकाश आहे. आठवडाभर पाणी आणि दिवे पाहिलेल्या लोकांच्या कानावर ते शब्द कसे पडले असतील! सण माहीत नसेल तर ती दोन सुंदर वाक्यं राहतात, पण त्यांच्यामागचं अंगण दिसत नाही. सणांचं महत्त्व काय, असं कोणी विचारलं तर मी हेच दाखवते.

तर मांडव काढू नका. नहेम्याच्या दिवसांत लोकांनी आपापल्या धाब्यांवर मांडव घातले होते, त्यामुळे तुमच्या गच्चीला वचनाचाच आधार आहे.

आता मिस्टर कुठे घसरले, ते सांगते. हा भाग त्यांना वाचायला द्या. समोर बसून वाचून दाखवू नका, त्याने भांडण वाढतं.

ते म्हणतात, देवाने आज्ञा केलेले सण तेवढे खरे, माणसांनी काढलेले खोटे. मग एस्तेरच्या पुस्तकातल्या पुरीम या सणाचं काय करायचं? तो सण मर्दखय आणि एस्तेरने ठरवला आणि लोकांनी आपण होऊन स्वीकारला. योहान १० मध्ये हिवाळ्याचे दिवस आहेत, मंदिराच्या पुनःसमर्पणाचा सण चालू आहे आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरतो आहे. तो सण म्हणजे आजचा हनुक्का. लेवीयात तो शोधूनही सापडणार नाही, कारण मंदिर पुन्हा शुद्ध करून घेतलं ते इ.स.पू. १६४ च्या सुमाराला. येशूने त्याबद्दल कोणाला टोकलेलं नाही. देवाने केलेलं काम आठवायला माणसांनी एक दिवस ठरवला, तर पवित्र शास्त्राला त्याचं वावडं दिसत नाही. नाताळ त्याच जातकुळीतला.

२५ डिसेंबर ही तारीख बायबलात नाही, हे अगदी खरं. रोममधल्या इ.स. ३५४ च्या एका पंचांगात त्या दिवशी ख्रिस्तजन्माची नोंद आहे आणि त्याच पंचांगात त्याच दिवशी ‘अजिंक्य’ सूर्यदेवाची जयंतीही आहे. कोणी कोणाची तारीख घेतली यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण ‘ईस्टर म्हणजे (बाबेलची जुनी) इश्तार देवी’ हे जे मोबाइलवर फिरतं, ते निव्वळ उच्चाराच्या साम्यावर रचलेलं आहे. ईस्टर हे नाव इंग्रजी-जर्मन भाषांपुरतं. बीड नावाच्या इंग्रज संन्याशाने आठव्या शतकात त्याचा संबंध एका वसंतदेवीच्या नावाच्या महिन्याशी जोडला, आणि त्या देवीचाही इश्तारशी काही संबंध नाही. ग्रीक आणि लॅटिनमध्ये या सणाचं नाव ‘पास्खा’ आहे, म्हणजे हिब्रू ‘पेसह’. म्हणजे वल्हांडणच! मिस्टर जो सण घराबाहेर काढायला निघालेत, तो त्यांच्याच लाडक्या सणाचा मुलगा आहे.

तारखेचं सांगायचं तर, ते फोनमधल्या पंचांगावरून तारीख काढत असणार. ते पंचांग गणिती आहे : चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून १९ वर्षांत सात अधिक महिने घालून ते ऋतूंशी जुळवून घेतात. येशूच्या काळात महिना सुरू व्हायचा तो चंद्रकोर पाहिलेल्या साक्षीदारांच्या शब्दावर. पेंटेकॉस्टचे पन्नास दिवस कोणत्या ‘शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) दुसऱ्या दिवसापासून’ मोजायचे, यावर तर मंदिर उभं असतानाच परुशी आणि सदूकी या दोन यहुदी पंथांचं जमत नव्हतं. तारीख चुकली की देवाची भेट चुकते असं असेल, तर त्या दोघांपैकी एका पक्षाची भेट दरवर्षी चुकत होती म्हणायची.

आणखी एक, जरा बोचरं. वल्हांडण अक्षरशः पाळायचा तर कोकरा हवा, तो देवाने निवडलेल्या ठिकाणीच कापायला हवा, आणि ते मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं. शिवाय निर्गम १२ म्हणतं, सुंता न झालेल्याने वल्हांडण खाऊ नये. हे मी चिडवायला लिहीत नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायाप्रमाणे तंतोतंत सण आज कोणीच पाळत नाही. यहुदी लोक पाळतात तो मंदिर पडल्यावर त्यांच्या गुरूंनी जपलेला आणि नव्याने घडवलेला. तुमचे मिस्टर पाळतात ती त्यातली त्यांनी केलेली निवड. निवड करायला हरकत नाही, पण तिला आज्ञा म्हणायचं आणि दुसऱ्याच्या निवडीला मूर्तिपूजा म्हणायचं, हे बरोबर नाही.

पाळकसाहेबांचंही चुकलंच. ‘कृपेपासून ढळला आहात’ हे गलतीकरांच्या पाचव्या अध्यायातलं वाक्य नियमशास्त्राने, म्हणजे मोशेचे नियम पाळून, नीतिमान ठरू पाहणाऱ्यांसाठी आहे. गलतीयात परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना सांगितलं जात होतं की सुंता केल्याशिवाय तुम्ही देवाचे नाही. चौथ्या अध्यायात पौल दिवस, महिने, ऋतू पाळण्याबद्दल रागावतो, तोही याच संदर्भात. तोच पौल फिलिप्पैहून निघतो ते बेखमीर भाकरीचे दिवस झाल्यावर, आणि पेंटेकॉस्टला यरुशलेमेत असावं म्हणून घाई करतो. पौल ढळला होता का? प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेने परराष्ट्रीयांना चार गोष्टी सांगितल्या, त्यांत एकही सण नाही. म्हणजे सक्ती नाही. पण सक्ती नसणं आणि बंदी असणं यांत फरक आहे, तो उपदेशात हरवला. कलस्सैकरांस २ मध्ये सण, अमावस्या, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असं म्हटलंय, आणि ते वचन दोन्ही पक्ष एकमेकांच्या डोक्यात घालतात. मला विचाराल तर ते दोघांनाही लागू आहे. सण ही छाया, शरीर ख्रिस्ताचं, असं तिथे पुढे येतं. छायेवरून माणूस ओळखता येतो. छायेचा राग कशाला करायचा?

या भांडणाचं वय तुम्हाला सांगितलं तर थोडं हलकं वाटेल. इ.स. १५५ च्या सुमाराला स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला गेला. त्याच्याकडे पास्खा यहुदी महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळत, मग वार कोणताही असो. रोमचा बिशप अनिसीटस रविवारच धरून होता. पॉलिकार्प म्हणाला, आम्ही प्रेषित योहानाबरोबर असंच पाळलंय. अनिसीटस म्हणाला, माझ्या आधीच्या वडीलजनांची रीत मी मोडणार नाही. दोघांनीही एकमेकांचं ऐकलं नाही. मग अनिसीटसने काय केलं, तर आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला, आणि दोघं शांतीने वेगळे झाले. पुढे १९० च्या सुमाराला रोमचा बिशप व्हिक्टर चौदाव्या दिवसवाल्यांना बहिष्कृत करायला निघाला, तेव्हा आयरेनियस नावाच्या दुसऱ्या बिशपने त्याला हीच गोष्ट लिहून कळवली. ३२५ मध्ये निकियाच्या सभेने रविवार ठरवला. त्यानंतरच्या सम्राट कॉन्स्टंटाईनच्या पत्रात यहुद्यांबद्दल जी भाषा आहे, ती वाचून आजही लाज वाटते. सामान्य विश्वासणारे तरीही ऐकत नव्हते. ३८६ मध्ये अंत्युखियात क्रिसोस्तोम हा प्रसिद्ध उपदेशक उपदेशात ओरडत होता, तो कर्ण्यांच्या आणि मंडपांच्या सणाला सभास्थानात जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर. त्याचीही भाषा विखारी होती. म्हणजे तुमचे मिस्टर एकटे नाहीत आणि पाळकसाहेबही पहिले नाहीत.

यहुद्यांचा विषय निघालाच आहे तर माझीच एक फजिती सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी मंडळीत वल्हांडणाचं भोजन मांडलं होतं. बेखमीर भाकरी, कडू भाजी, सगळं. प्रत्येक वस्तू उचलून ‘हे म्हणजे येशू, हेही येशूच’ असं मी तास दीड तास समजावलं. एका बाईंनी आपल्या ओळखीच्या यहुदी गृहस्थांना बरोबर आणलं होतं. निघताना ते अगदी सौम्यपणे म्हणाले, “आमच्या घरी या रात्री सगळ्यांत लहान मूल प्रश्न विचारतं. तुम्ही कोणालाच काही विचारू दिलं नाहीत.” मी वरमले. ज्यांनी हा सण छळ सोसून सांभाळला, त्यांच्यापैकी एकजण समोर बसला होता आणि मी त्याला त्याच्याच ताटाचा अर्थ शिकवत होते. तेव्हापासून मी यहुदी घरातल्या भोजनाची नक्कल करत नाही. निर्गम १२ वाचते, येशूच्या शेवटच्या रात्रीचा भाग वाचते, भाकर मोडते आणि मुलांना विचारू देते. खमीर काढायचा भागही ठेवलाय. आदल्या संध्याकाळी दिवे घालवून बॅटरी घेऊन घरभर कण शोधायचे. एके वर्षी सगळं घर पालथं घातलं आणि बिस्किटाचा चुरा शेवटी सापडला तो माझ्याच बायबलच्या कव्हरमध्ये, चेनच्या खाचेत. मुलांना त्या वर्षी वेगळा उपदेश करावा लागला नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बाजू कोणाची. लेवीय २३ एकदा दोघांनी मिळून सावकाश वाचा आणि बाविसाव्या वचनाशी थांबा. सप्तकांच्या सणाचे नियम चालू आहेत, भाकरी किती, कोकरे किती, आणि मध्येच देव म्हणतो : कापणी करताना शेताच्या कडा पूर्ण कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. सणांच्या यादीत शेताच्या कडा कशाला आल्या? अनुवाद १६ मध्येही तसंच. सणाला कोणी आनंद करायचा, तर तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा. मुलीचं नाव तिथे स्पष्ट लिहिलंय. विधवेचंही. आणि यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो की तुमच्या सणांचा मला वीट आलाय. का, तर अनाथांचा न्याय होत नाही आणि विधवेची दाद लागत नाही.

तुमच्या सासूबाई सणाच्या दिवसांत रडत असतील आणि मुलगी पंख कपाटात ठेवून गप्प बसली असेल, तर त्या घरी तारीख बरोबर असूनही सण चुकलाय. मिस्टरांना त्यांच्याच अध्यायातून एवढं दाखवा. त्यांना पाळकसाहेबांची वाक्यं ऐकवू नका, त्यांनी ते आणखी ताठर होतील. पाळकसाहेबांशी बोलायचं ते मिस्टरांनीच, आणि एकट्याने जाऊन. उपदेशात अप्रत्यक्ष बोलल्याने घर कसं दुखावलं, हे त्यांना कळायला हवं. तुम्ही मध्यस्थ होऊ नका. दोघांचे निरोप नेता-आणता तुम्हीच दमाल.

तुमच्यापुरतं म्हणाल तर वल्हांडणात मनापासून सामील व्हा, मांडवातही बसा. नाताळला मुलांना घेऊन उपासनेला जा, आणि जाणार आहात हे आधीच, भांडणाच्या वेळी नाही तर एरवी, सांगून ठेवा. त्यांनी घरी बसायचं ठरवलं तर बसू द्या. पॉलिकार्पनेही रविवार मान्य केला नव्हता.

नाटकाचं मात्र थांबवून चालणार नाही. तालमी सुरू असतील, तेव्हा याच आठवड्यात बसवणाऱ्यांना फोन करून मुलीचं नाव परत घालायला सांगा. फोन करण्याआधी मिस्टरांना सांगा, पाठीमागून करू नका. ‘मी मुलीचं नाव घालते आहे, मला तुमची संमती हवी आहे, पण मी थांबणार नाही’ एवढं म्हणता येईल. आणि सासूबाईंना या वर्षी मांडवात बोलवा. गच्चीचा जिना त्यांना चढवत नसेल तर मांडव खाली, दारासमोर घाला. तिथे त्यांना लहानपणीच्या नाताळच्या गोष्टी सांगायला सांगा, मुलं विचारतील तेवढ्या.